ठकीला आत घ्या

१

आमच्या घरी बेल वाजली की आधी दार उघडत नाहीत. आधी कोणीतरी ओरडतं, "ठकीला आत घ्या!" मग जो जवळ असेल तो मांजर उचलतो, मागच्या खोलीत नेतो, कडी लावतो आणि नंतर दार उघडलं जातं. बाहेर उभ्या माणसाला वाटतं, आत काही लपवालपवी चाललीय. वाटू दे. लोकांना काय वाटेल याची फिकीर मी करत असतो तर एकतीस वर्षं बातमीदारी केली नसती.

ठकी ही मी त्या नोकरीतून घरी आणलेली एकमेव गोष्ट. वडील रेल्वेत, बदलीने साताऱ्याहून जयपूरला आले आणि मी इथेच वाढलो, इथल्याच एका हिंदी दैनिकात लागलो. २००५ साली मालकाचा मुलगा परदेशातून शिकून आला आणि आम्हा म्हाताऱ्या बातमीदारांना बातमी म्हणजे काय ते शिकवू लागला. भर बैठकीत मी उठून त्याला विचारलं, "आपण कधी पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेर थांबलायत का?" आठवड्याभरात माझा निरोपसमारंभ झाला. शाल मी तिथल्याच खुर्चीवर ठेवली, नारळ शिपायाला दिला. कागदाच्या रिळांच्या गोदामात एक करडं पिल्लू ओरडत होतं, ते मात्र कोटाच्या खिशात घालून घरी आणलं. ठकी हे नाव माझ्या मुलीने, अवनीने ठेवलं.

घरच्या तिघांशी ठकी लोण्यासारखी. अनोळखी माणूस आला की मात्र कान मागे, शेपूट फुगलेली, आणि ते फिस्कारणं. माझी बायको सुनेत्रा म्हणायची, "अगदी तुमच्यावर गेलीय."

मी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉ. माथुर शांत माणूस. म्हणाले, "पलनीटकरजी, बिल्ली चेहरा नहीं देखती. आदमी अपने साथ जो लाता है, वो देखती है. दूसरे घर की गंध, दूसरी चाल. नोट करके देखिए."

नोंद करणं हा तर माझा धंदा. जुनं पॅड काढलं. गॅसवाला, कुरियरवाला, मतदारयादीचा माणूस, सुनेत्राच्या ऑफिसातली विभा. कोण, किती वाजता, ठकीने काय केलं, किती वेळात शांत झाली. तेवीस नोंदी झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसली. ठकी कोणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती. ती पायांकडे बघायची. आधी पाय, मग फिस्कारणं, मग दिवाणाखाली. दहा मिनिटांनी बाहेर. माथुर बरोबर होते: पायांना दुसऱ्या घराचा वास असतो. प्रकरण मिटलं असं मी पॅडवर लिहिलं आणि खाली रेघ मारली.

२

अवनी तेव्हा सव्वीसची. झालान्यातल्या एका संस्थेत नोकरी, रोज मालवीय नगरहून स्कूटीवर जायची. सुनेत्राने स्थळं बघायला सुरुवात केली होती. जयपुरात मराठी स्थळं म्हणजे बदलीवर आलेली माणसं; आज आहेत, उद्या भोपाळला. त्यात पहिल्या स्थळाच्या आत्याबाईंच्या पोटरीला ठकीने ओरबाडलं होतं.

"मांजर तरी ठेवा नाहीतर मुलगी तरी," सुनेत्रा म्हणाली.

"आई, जो ठकीला घाबरतो तो मला काय सांभाळणार?" अवनी म्हणाली. "मतलब, विचार कर ना."

"तू कोणाच्या प्रेमात पडली असतीस तर एवढे पोहे तरी वाचले असते."

"आता तेपण मीच करायचं का?"

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, दुपारी चारला, आप्पासाहेब आले. केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर, निवृत्तीला दोन वर्षं, सिव्हिल लाइन्समध्ये बंगला. बरोबर बायको लताबाई आणि मुलगा अभिजित. तिघंही नीटनेटके, हळू बोलणारे. लताबाई मात्र फार वाळलेल्या. ब्लाउजच्या बाह्यांत हात काठीसारखे. दिवाणावर एवढी जागा असून त्या अगदी कडेला टेकल्या होत्या.

पोहे आले. आप्पासाहेबांनी खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि त्यातली सुपारी टीपॉयवर ठेवली.

"तिघंच निघालो होतो," ते म्हणाले. "शुभकार्याला तीन तिघाडा नको, म्हणून चौथे हे."

ही चाल मला ठाऊक नव्हती असं नाही. माझी आई दगड ठेवायची पिशवीत. पण मी आयुष्यभर असल्या गोष्टींवर लिहिलं, त्यापायी दोनदा मार खाल्ला. एवढा शिकलेला, एवढ्या हुद्द्यावरचा माणूस माझ्या टीपॉयवर सुपारी ठेवतो, हे पाहून माझं डोकं फिरलं.

"मग चौथ्यांना उभं का ठेवलंत?" मी म्हणालो.

सुनेत्राने डोळे वटारले. मी उठलो, व्हरांड्यातली वेताची खुर्ची ओढत आणली आणि लताबाईंच्या समोर मांडली. "बसा साहेब. सुनेत्रा, यांनाही पोहे आण. लिंबू जास्त पिळ, लांबून आलेत."

अवनीला हसू आवरेना. तिनेच स्वयंपाकघरातून बशी भरून आणली आणि त्या रिकाम्या खुर्चीपुढे धरली. "घ्या ना," ती म्हणाली. "लाजू नका."

खुर्चीचा वेत कर्र वाजला.

जयपूरच्या कोरड्या हवेत वेत वाळतो. वाळला की वाजतो. हे मी त्याच क्षणी मनात म्हटलं, म्हणून आठवतंय.

लताबाईंचा चमचा हवेतच थांबला होता. सहा तास रांगेत उभ्या असलेल्या माणसाने खिडकी उघडताना बघावं, तशा त्या अवनीकडे बघत होत्या. अभिजितने मान खाली घातली. आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला.

मागच्या खोलीची कडी नीट लागली नसावी. ठकी आली. मी उठणार तोवर ती आप्पासाहेबांच्या मोज्यांपाशी पोचली होती. तिने वास घेतला आणि पुढे गेली. अभिजितचे पाय, पुढे. लताबाईंचे पाय, पुढे. तीन अनोळखी माणसं आणि एकदाही फिस्कारली नाही. मग ती वेताच्या खुर्चीपुढे गेली. तिथे, जिथे बसलेल्या माणसाचे पाय टेकले असते, त्या मोकळ्या फरशीकडे तिने पाहिलं. तिच्या पाठीवरचा एकेक केस उभा राहिला. असं ओरडणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं. मग ती उलट्या पावली मागे सरकत दारापर्यंत गेली, नजर न हलवता.

"पोहे फार छान झालेत," लताबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी बशी संपवली आणि आणखी मागून घेतले. दोनदा.

निघताना त्यांनी अवनीच्या गालावरून हात फिरवला. मी फाटकापर्यंत पोचवायला गेलो. गाडीच्या मागच्या सीटवर लताबाई बसल्या त्या मधोमध, ऐसपैस, दोन्ही हात पसरून.

सुपारी टीपॉयवरच राहिली होती.

३

चौथ्या दिवशी आप्पासाहेबांचा फोन आला. "मुलगी गुणी आहे. पण आमचा विचार बदलला."

"कारण?"

"कारण काही नाही."

नकाराला लोक पत्रिका पुढे करतात, रंग पुढे करतात. या माणसाने तेवढाही आडपडदा ठेवला नाही. त्यांच्या मागे कोणीतरी बाई खळखळून हसत होती. बऱ्याच दिवसांनी हसणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, तसं ते हसणं होतं.

मी फोन आपटला. "बरं झालं," अवनी म्हणाली. "तो मुलगा सारखा जमिनीकडे बघत होता."

वेताची खुर्ची मी परत व्हरांड्यात नेऊन ठेवली होती. पहिले तीन दिवस ठकी तिच्याकडे बघून फिस्कारायची; आता वळूनही बघत नव्हती, उन्हात तिच्याखाली झोपायचीसुद्धा. पॅडवर मी लिहिलं: खुर्चीचा वास गेला. प्रकरण मिटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला अवनी ऑफिसातून आली. ठकी रोजच्यासारखी दाराशी धावली आणि अर्ध्या वाटेत थबकली. तिने अवनीचे पाय पाहिले. मग नजर थोडी डावीकडे सरकवली. आणि फिस्कारली.

"ए वेडे, मी आहे," अवनी म्हणाली आणि खाली वाकली. ठकी दिवाणाखाली गेली ती दोन दिवस बाहेर आली नाही.

४

मी बातमीदार आहे. एका घटनेवरून मी बातमी देत नाही.

अवनीला मी पुढच्या दाराने आत यायला लावलं, मागच्या दाराने यायला लावलं. अंघोळ करून, माझा जुना स्वेटर घालून, अनवाणी. ठकीला अवनीच्या उशीचा अभ्रा हुंगायला दिला. ती त्यात तोंड खुपसून घुरघुरली. म्हणजे वास अवनीचाच होता आणि वासाशी भांडण नव्हतं. अवनी आत आली की दर वेळी तेच. आधी तिचे पाय. तिथे कान ताठ, ओळखीचे. मग डावीकडे वीतभर. मग फिस्कारणं.

"कभी-कभी कोई नया परफ्यूम..." माथुर म्हणाले.

"वापरत नाही."

"फिर बिटिया की तबीयत देखिए. जानवर बीमारी पहले सूँघ लेते हैं."

तबीयत. ते मला दिसत होतं, पण पॅडवर मी ते लिहीत नव्हतो. अवनी पानात वाढलेलं अर्धं खायची आणि उरलेलं अर्धं पानाच्या डाव्या बाजूला सारून ठेवायची, व्यवस्थित, एकत्र करून. विचारलं तर म्हणायची, "पोट भरलं." पलंगावर भिंतीला चिकटून झोपायची. दिवाणावर कडेला टेकायची. दारातून आत आली की दार क्षणभर धरून ठेवायची आणि मग सोडायची.

"दार का धरून ठेवतेस?" मी एकदा विचारलं.

"कुठे धरते?" ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. माणूस खोटं बोलतो तेव्हा मला कळतं.

रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं. सगळं ठीक. डिसेंबर संपता संपता तिच्या मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकू लागलं होतं. सुनेत्रा स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीच्या आडोशाने रडायची.

"खुर्ची तुम्ही मांडलीत," एकदा ती म्हणाली. तेवढंच.

"तू शिकलेली बाई आहेस," मी ओरडलो.

"हो," ती म्हणाली. "म्हणून तर दोन महिने गप्प बसले."

टीपॉयवरची ती सुपारी मी उचलली, अमानीशाहच्या नाल्यावर गेलो आणि फेकून दिली. माणसाने एकदा हरायला सुरुवात केली की तो अशी कामं करतो. घरी आलो तर ठकी दिवाणाखालून अवनीच्या पायांकडे बघत होती. जरा डावीकडे.

५

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली सकाळ. सव्वानऊ. कोवळं ऊन, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या रजया. मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. म्हणजे चुका काढत होतो. अवनी स्कूटी बाहेर काढून फाटकाशी आली.

ती सीटवर बसली. अगदी पुढे, हँडलला गुडघे लागतील इतकी पुढे. तिच्या वजनाने गाडी थोडी खाली बसली.

अवनी थांबली. किल्ली फिरवली नाही. मान किंचित मागे वळवली, जसं आपण पाठीमागे बसणाऱ्याची वाट बघतो.

मग गाडी पुन्हा एकदा खाली बसली. मागच्या बाजूने. मागचा टायर दबला.

"जाते हं बाबा," अवनी म्हणाली आणि निघून गेली.

शॉकअप जुने होते. रस्त्याला उतार होता. मी सगळी कारणं पॅडवर लिहून काढली, एकाखाली एक. पाच कारणं झाली. पाचही मला मान्य होती. मग मी बूट घातले आणि सिव्हिल लाइन्सला जाणारी बस पकडली.

६

दार लताबाईंनीच उघडलं. मी त्यांना ओळखलंच नाही. गाल भरले होते, केसांत अबोलीचा गजरा होता. मला पाहून त्या दोन पावलं मागे सरल्या आणि आत निघून गेल्या.

आप्पासाहेब बागेत उन्हात बसले होते. मी येणार हे त्यांना माहीत असावं. समोर एक रिकामी खुर्ची होती. मी बसलो नाही.

"काय आणून सोडलंत आमच्या घरात?"

"आम्ही काही सोडलं नाही," ते म्हणाले. आवाज पूर्वीसारखाच हळू. "आम्ही नुसती सुपारी ठेवत होतो. सतरा घरं झाली, पळनीटकर. कोणी तिला नमस्कार केला. कोणी हसलं. एकाने तर अडकित्त्याने कातरून खाल्ली. पण खुर्ची कोणी मांडली नाही."

"आणि तुम्ही मांडू दिलीत."

"हो."

"माझ्या पोरीने थट्टेत बशी धरली."

"थट्टा आहे की आग्रह आहे, हे तिकडे कळत नाही. पान वाढलं की झालं."

"तिकडे म्हणजे कुठे? कोण आहे तो? कुठला? तुमच्याकडे केव्हा आला?"

आप्पासाहेब पहिल्यांदाच हसले. "हेच सगळे प्रश्न सहा वर्षांपूर्वी मी एका गृहस्थाला विचारले होते. त्याच्याच अंगणात उभं राहून. असाच ओरडत होतो. त्यालाही माहीत नव्हतं."

"पोलिसांत जाईन. पेपरात छापीन."

"काय छापाल?"

एकतीस वर्षांत मला हा प्रश्न मंत्र्यांनी विचारला, गुंडांनी विचारला. या वेळी मी फाटकाकडे वळलो.

अभिजित फाटकापर्यंत माझ्या मागून आला. तो आताही जमिनीकडेच बघत होता. "काका, आई छत्तीस किलोची झाली होती," तो म्हणाला. "मी तुमच्याकडे क्षमा मागत नाही. मागितली तरी तुम्ही देऊ नका."

"अवनीकडे किती वेळ आहे?"

"आईने सहा वर्षं काढली," तो म्हणाला. "पण तिच्याकडे सुरुवातीला वजन होतं."

मी फाटक लावून घेतलं. आतून थाळ्यांचा आवाज येत होता. जेवायची वेळ झाली होती. तीन थाळ्या.

७

संकल्प आणि मयूरी हे जोडपं ऑक्टोबरात नांदेडहून बदलून आलं होतं. तो बँकेत, ती घरी. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी फराळाला ओळख झाली. मयूरी तेव्हा म्हणाली होती, "काका, इथं मराठी ऐकायला कान तरसतात हो. दारातून मराठीत हाक आली की मी बघतही नाही कोण आहे, उघडून टाकते. तुम्ही कधीही या. चार या, दहा या."

परमुलखातले आम्ही सगळे असेच. हिंदीत हाक आली की साखळी लावून बघतो. मराठीत आली की पोह्यांना फोडणी टाकतो.

तिचं ते वाक्य मला आठवलं, असं मी म्हणणार नाही. ते मी शोधून काढलं. कोणाकडून काय वदवून घेता येईल हे ओळखणं हे माझं एकमेव कसब.

चौदा जानेवारी. संक्रांत. जयपूर त्या दिवशी जमिनीवर नसतं, सगळं शहर गच्चीवर, आकाशात पतंग, आणि चारी बाजूंनी "वो काटा!"च्या आरोळ्या. सुनेत्राने तिळगुळाचा डबा घेतला. मी तिला काही सांगितलं नव्हतं. निघताना तिने देवापुढच्या तबकातली एक सुपारी उचलली आणि माझ्या हातावर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

रिक्षात अवनी अगदी कडेला बसली होती.

मयूरीने दार उघडलं. हळदी रंगाचं पातळ, हाताला तीळ चिकटलेले. "अय्या, या या! संकल्प, काका आलेत बघ!" नवीन घर, नवीन सोफा, त्याच्यापुढे हिरवा जाड गालिचा, बहुतेक लग्नात मिळालेला. गच्चीवरून पोरांचा आरडाओरडा येत होता.

आम्ही बसलो. मी खिशातून सुपारी काढली आणि टीपॉयवर ठेवली.

"हे काय काका?"

"तिघंच निघालो ना," मी म्हणालो. "सणासुदीला तीन तिघाडा नको. चौथे हे."

"तुम्ही मानता हे?" मयूरी हसली. "तुमचे तर लेख असायचे म्हणे याच्याविरुद्ध! मंडळात सांगत होते."

"मी कुठला मानतोय. ही हिची हौस." मी सुनेत्राकडे बोट दाखवलं. "मी म्हटलं, आणलंच आहे तर त्या चौथ्यांनाही तुझ्या हातचा तिळगूळ मिळू दे. की त्यांना उभंच ठेवणार?"

"असं कसं उभं ठेवीन!" ती म्हणाली.

अवनीने माझ्याकडे पाहिलं. तिला तो रविवार आठवला. कोणी काय म्हटलं, कोणी बशी धरली, सगळं तिच्या डोळ्यांत एकामागून एक येताना मला दिसलं. तिने तोंड उघडलं. मी तिच्या मनगटावर हात ठेवला. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं.

ती बोलली नाही. मी बोलू दिलं नाही असं लिहायला हवं.

संकल्पने कोपऱ्यातली घडीची खुर्ची उघडली, लोखंडी. "बसा हो साहेब, आरामात बसा." मयूरीने बशीत तिळाच्या दोन वड्या ठेवल्या आणि वाकून त्या खुर्चीपुढे धरल्या. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

खुर्ची टक् करून वाजली.

माझ्या शेजारी अवनीने श्वास सोडला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिची पाठ सोफ्याला टेकली. मी ते पाहिलं आणि मला आनंद झाला. इथे शब्द बदलायचा नाही. आनंदच झाला.

मग माझी नजर खाली गेली. खुर्चीपुढच्या हिरव्या गालिच्यावर, मयूरीच्या अनवाणी पायांसमोर, लव दोन जागी दाबली गेली होती. एक ठसा सरळ होता. दुसरा जरा आत वळलेला. मी बघत असतानाच तो वळलेला ठसा नाहीसा झाला, आणि मयूरीच्या पायांच्या जवळ, डावीकडे, वीतभर अंतरावर पुन्हा उमटला.

"काका, तुम्ही घेतलाच नाहीत," मयूरी म्हणाली. तिने माझ्या हातावर वडी ठेवली. "गोड बोला."

मी खाल्ली. वरती कोणाचा तरी पतंग कापला गेला आणि सगळी गल्ली ओरडली.

८

परतीच्या रिक्षात अवनी मधोमध बसली. सगळ्या रस्त्याने ती एकच वाक्य बोलली. "त्यांच्याकडे मांजरपण नाही, बाबा."

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. दार सुनेत्राने उघडलं. ठकी दिवाणावर होती. तिने अवनीचे पाय पाहिले. डावीकडे पाहिलं. मग उडी मारून आली, अवनीच्या पोटऱ्यांना अंग घासलं आणि उभ्या उभ्या तिच्या मिठीत चढली. अवनी फरशीवर बसून तिच्या मानेत तोंड खुपसून रडली. सुनेत्राही रडली.

मी दारातून आत पाऊल टाकलं.

ठकीने अवनीच्या खांद्यावरून खाली पाहिलं. माझ्या पायांकडे. माझ्या पायांत माझेच सात वर्षं जुने बूट होते, ज्यांच्यावर ती लहानपणी झोपायची. तिचे कान मागे गेले. शेपूट फुगली.

मी चटकन डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे, मागे. मागे उघडं फाटक, ऊन, रिक्षावाला गाडी वळवत होता. कोणी नव्हतं. मी पुन्हा ठकीकडे पाहिलं. ती डावीकडे बघत नव्हती. पायांवरून तिची नजर सरळ वर आली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा ती एका अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघत होती.

ती फिस्कारली.

याला आता पाच आठवडे झाले. दहा मिनिटांत ती शांत होईल असं मी पॅडवर लिहिलं होतं, ते खोडलं. अवनीचं वजन वाढतंय. पानातलं सगळं संपवते. माझ्याशी नीट बोलते, विचारलेल्याचं उत्तर देते. मयूरीचा फोन दोनदा आला. पहिल्यांदा मी बाहेर गेलोय असं सुनेत्राने सांगितलं. दुसऱ्यांदा मी उचलला. "काका, एक विचारायचं होतं. हसणार नाही ना?" ती म्हणाली. मी म्हणालो, कामात आहे, उद्या करतो. तो उद्या मी अजून केलेला नाही.

मी हल्ली घराबाहेर बराच वेळ असतो. झालान्याच्या टेकडीपर्यंत चालून येतो. परत येतो तेव्हा खिशात किल्ली असते, पण मी बेल वाजवतो. आतून अवनीचा आवाज येतो.

"आई, बाबा आलेत. ठकीला आत घे."

मी पायरीवर उभा राहतो. पावलं मागच्या खोलीकडे जातात, कडी लागल्याचा आवाज येतो, आणि मग मला दार उघडलं जातं.